कडोलीचा नागरिक

कडोलीच्या भरमूला बेळगावात सगळे 'नागरिक' म्हणत. हायस्कुलातली पोरं म्हणत, फाटकासमोरचा चहावाला म्हणे, नवा आलेला हेडमास्तरही महिन्याभरात म्हणायला लागला. हे नाव आईनं ठेवलेलं नव्हतं. ते हुदलीकर सरांनी ठेवलं, एकोणीसशे एकतीस साली, इतिहासाच्या तासाला, आणि त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

भरमू तेव्हा इंग्रजी पाचवीत होता. घरातला हायस्कुलात गेलेला पहिलाच. बाप लवकर गेलेला, शेत चुलत्याच्या ताब्यात, आणि भरमू न् त्याची आई अक्काताई त्याच शेतात गड्यासारखी राबत. मॅट्रिक झाला की कचेरीत कारकून होता येतं आणि चुलत्याच्या दारातून सुटता येतं, एवढं दोघांना पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी तो रोज कडोलीहून चालत यायचा न् चालत जायचा.

हुदलीकर सर शिकवायचे फार छान, ते नाकारून चालणार नाही. पानिपत सांगायला लागले की मागच्या बाकावरची पोरंही गप्प होत. छडीला त्यांनी कधी हात लावला नाही. जीभ असताना छडी कशाला लागते?

पुस्तकाच्या शेवटी 'नागरिकांची कर्तव्ये' असं एक प्रकरण होतं. ते सुरू करताना सरांनी विचारलं, "या वर्गात नागरिक कोण कोण आहेत?" सगळ्यांचे हात वर गेले. भरमूचा गेला नाही.

"का हो, कडोलीकर?"

"आम्ही न्हाय सर," भरमू उभा राहून म्हणाला. "नगरात ऱ्हातोय त्यो नागरिक. आम्ही खेड्यातलं."

शब्द फोडून अर्थ लावायला त्याला सरांनीच शिकवलं होतं. उत्तर चुकलं, पण डोकं चालवून चुकलं होतं. एखाद्या बऱ्या मास्तरानं त्यावरच अख्खा तास रंगवला असता. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि गोड आवाजात म्हणाले, "बसा, नागरिक."

वर्ग हसला, आणि तिथून पुढं हसतच राहिला. "नागरिक, काल कुठं होता?" "पेरणीला गेलतो, सर." मग 'गेलतो' फळ्यावर लिहिलं जाई, आणि हे क्रियापद पेशवाईच्या आधीचं की नंतरचं यावर पोरांची मतं घेतली जात. पेपर तपासून झाले की सर भरमूचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. भरमू मान खाली घालून बाकावरची एकच रेघ नखानं कोरत बसे.

अक्काताईला यातलं काही माहीत नव्हतं. दर शनिवारी ती बाजाराला भाजीची बुट्टी घेऊन येई आणि आधी बेळगावलगतच्या शहापुरात सरांच्या दारात उतरवी. सरांची बायको वसुधाबाई कवळी कवळी भाजी निवडून घेत आणि म्हणत, "तुमच्या भरमूचं नाव घरी नेहमी निघतं हो." अक्काताई ते बोलणं सात मैल उरात धरून घरी नेई.

मॅट्रिकचा फॉर्म मुंबईला जायचा तो शाळेची चाचणी पास झालेल्यांचाच. चौतीस सालच्या त्या चाचणीत इतिहासाचा तिसरा प्रश्न होता: चांगल्या नागरिकाची कर्तव्ये लिहा. बारा मार्क. भरमूला प्रकरण तोंडपाठ होतं. त्यानं 'नागरिकाने' एवढं लिहिलं आणि त्याला सरांचा वाचून दाखवणारा आवाज ऐकू आला. त्यानं तो शब्द खोडला, अर्धं पान कोरं सोडलं आणि चौथ्या प्रश्नाकडं गेला. चार मार्कांनी त्याचा इतिहास गेला.

तो सरांकडं गेला. "मला येतंय सर. म्हणून दाखवतो."

"म्हणा."

त्यानं सातही कर्तव्यं न अडखळता म्हटली, शुद्ध पुस्तकी मराठीत. सरांनी डोळे मिटून ऐकलं. "उत्तम. बारापैकी अकरा दिले असते."

"मग फॉर्म, सर?"

"पेपरात नाही ना लिहिलंत. नियम पाळणं हे नागरिकाचं कितवं कर्तव्य?"

"चौथं, सर."

"मग पाळा."

पुन्हा परीक्षेला बसायला चुलत्यानं दुसरं वर्ष काही दिलं नाही. पुढं सरांनीच मोठ्या मनानं शब्द टाकून त्याला त्याच हायस्कुलात शिपाई लावला. मनाचा हा मोठेपणा सर चारचौघांत सांगत, आणि भरमू त्यांच्यासाठी पाणी आणत उभा असे. चुलत्याचं दार मात्र सुटलं नाही. सकाळ-संध्याकाळ शेत, मधे शाळेची घंटा. तेरा वर्षं त्यानं व्हरांड्यात उभं राहून तेच प्रकरण ऐकलं. दरवर्षी नव्या वर्गाला सर कडोलीचा किस्सा सांगत आणि बोट दाराकडं करत.

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला, शुक्रवारी, भरमूनंच काठीला दोरी ओवली, त्यानंच पटांगण झाडलं. सर भाषणाला उभे राहिले. आवाज भरून आला होता, आणि तो खरोखरच भरून आला होता. "मुलांनो, आजपासून आपण कुणाची रयत नाही. आजपासून आपण सगळे नागरिक."

आधी एक पोरगं फिसकन हसलं. मग रांगच्या रांग मागं वळून साखरेचं ताट धरलेल्या भरमूकडं बघायला लागली. सर थांबले. हसू ओसरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि म्हणाले, "तो तर आधीपासूनच आहे."

सगळं पटांगण हसलं. भरमूही हसला. न हसून कुठं जाणार होता?

संध्याकाळी अक्काताईनं विचारलं, "सर काय बोललं रं आज?"

"बोललं की. सगळ्यांच्या म्होरं माझं नाव घेतलं."

म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "द्येवमाणूस हाय बग. उद्या शनवार न्हवं का, कवळी भेंडी काडून ठेवते. जाताना आदी त्येंच्याकडं टाक."

भरमूनं बुट्टी ओढून घेतली आणि भेंडी निवडायला बसला.