ओरुमाळातलं गाणं

"आफ्रिकन? कुणी सांगितलं तुला आफ्रिकन म्हणून?" विजयमालानं पिठाचे हात तसेच पदराला पुसले. "विचारायचं तरी होतंस!"

"आई, ग्रुपवर टाकलंय फक्त," आर्जव मोबाइल पुढं करत म्हणाला. "बारशाचा कार्यक्रम, शेवटी आजीचं आफ्रिकन गाणं. लोक लय खूश हायत. बघ किती हसरे चेहरे आलेत."

"तेच तर. हसरे."

तिचे यजमान आदगोंडा पोह्यांवर लिंबू पिळत होते. "अगं, चार माणसं हसली तर काय बिघडलं? तीस वर्षं भाकरी थापताना म्हणतीयास. आमाला काय कळतंय त्यातलं?"

कळत नव्हतं हे खरंच. सीमेपलीकडच्या गावातून ती सांगलीला नांदायला आली, तेव्हा तिच्या बोलण्याला कानडी हेल होता. तिनं तोंड उघडलं की नणंदा एकमेकींकडं बघायच्या. मग तिनं मनातल्या मनात आपली अशी एक जागा रचली, जिथं तिला कुणी दुरुस्त करणार नव्हतं. ओरुमाळ. चहूकडं समुद्र, बारा महिने ऊन आणि पाऊस, तीन मुलूख, तीन भाषा. किनाऱ्यावरच्या भाषेत टोमण्याला शब्दच नव्हता. डोंगरातली माणसं बोलण्याआधी सूर लावून घ्यायची. नदीकाठच्या बायका उपड्या परातीवर ताल धरून गायच्या. घरच्या हळदीच्या पेढीवरून येणाऱ्या जुन्या डायऱ्या तिनं या सगळ्यानं भरल्या होत्या. आजवर एकानंही त्यातली एक उघडली नव्हती.

"आई, पण ते गाणं आहे कशाचं?" मांडीवरच्या बाळाला थोपटत प्राचीनं विचारलं.

तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, आणि तेही आज. विजयमाला सुनेकडं वळली.

"मेलेल्या माणसाला होडीतनं पलीकडं नेताना म्हणायचं. माझे अप्पा गेले तेव्हा इथं हळदीचे सौदे चालले होते. बाहेरगावचे व्यापारी घरात जेवायला. ते उठेपर्यंत मला सोडलं न्हाई. तिसऱ्या दिवशी पोचले. माती झालेली. तवा केलं मी ते."

आर्जवनं मोबाइल खाली ठेवला. आदगोंडांनी लिंबाची फोड ताटलीत ठेवली.

"आता ते आमाला काय ठावं? बरं, मग दुसरं म्हण की एखादं. त्याच भाषेतलं. जरा उडतं."

"तीनच मिनिटं, आई," आर्जव म्हणाला. "लोकांना सांगून बसलोय."

विजयमालानं परात उचलली, पीठ झाडलं आणि ती भिंतीला टेकवून ठेवली.

"रविवारी बारशाच्या घुगऱ्या मी करीन. पाळणा प्राचीची आई म्हणेल. मी गाणार न्हाई, हे ग्रुपवर आत्ता टाक. आणि उद्यापासून भाकरी थापताना मी दार आतनं लावून घेणार हाय. वाजवायचं न्हाई कुणी."