धक्क्यावर कुणीतरी हवं

तासाभराच्या नौकाविहाराला निघताना विलायतेला निघाल्यासारखा निरोप घेणारा माणूस अख्ख्या तंजावरात एकच, आणि तो नेमका माझा मामा! महिन्यातल्या एखाद्या रविवारी पहाटेच्या बसनं तो मामीला घेऊन मुत्तुपेट्टैला, खाऱ्या सरोवराकाठच्या चिमुकल्या बंदरावर जातो. नेसायला कडक इस्त्रीची पांढरी वेष्टी, भर उन्हात कानाला मफलर, हातात चिंचेच्या भाताचा डबा. आधी धक्क्यावर फेरफटका, बांधलेल्या प्रत्येक होडीची विचारपूस, मग विहार. पण आमच्या घरात बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतों’ म्हणायचं आणि मागे राहिलेल्यानं ‘या’ म्हणायचं. मामानं हा नियम पाण्यालाही लावला. ‘या’ म्हणायला काठावर घरचं माणूस नसेल, तर पठ्ठ्या होडीत पाय टाकणार नाही! एकदा मामी तापानं घरी राहिली, तर स्वारी धक्क्यावरूनच परत आली.

त्यामुळे व्हायचं काय, की विहार मामाचा आणि धक्का मामीचा. परतल्यावर तो तिवरांच्या गर्दीतलं हिरवं पाणी, बगळे, पाण्यात उतरलेलं आभाळ असं काही रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला गुंगी यावी. मामी डबा उघडत म्हणायची, “हो का?” इतक्या वर्षांत तिनं ते पाणी आतून पाहिलंच नव्हतं.

गेल्या खेपेला मीही बरोबर होते. होडी लागली आणि मामी पदर खोचून सरळ आत जाऊन बसली. मलाही तिनं हाताला धरून ओढलं.

“अहो, गुडघे चालताहेत तोवर बघून घेतें. येतें हं!”

मामाच्या तोंडून ‘या’च्या आधी “अय्यो!” निघालं.

आत तिवरांच्या सावलीत पाणी इतकं निवांत होतं, की होडी सरकतेय की झाडं, तेच कळेना. मामी पाण्यात बोटं सोडून बसली होती. किती सुंदर दिसत होती ती! बऱ्याच वेळानं म्हणाली, “ह्यांच्या सांगण्यात बगळे जास्त होते.”

परतलो तेव्हा मामा धक्क्याच्या अगदी टोकाला उभा होता. मफलर हातात, डबा न उघडलेला.

“किती हा वेळ! होडी वळणाआड गेली की जीव थाऱ्यावर राहत नाही गं. तूं दरवेळी अशीच बसायचीस?”

“छे हो,” मामी म्हणाली, “मी मस्त झोप काढायचें.”

मामाला केवढं हायसं वाटलं! हसत हसत त्यानं डबा उघडला. लहानपणी त्या धक्क्यावर मामीच्या मांडीवर झोपायची ती मी. जेव्हा जेव्हा जाग यायची, तेव्हा तिची नजर त्या वळणावरच असायची.