जयरामच्या अंगणावरची गॅलरी

घर घेताना शहाणा माणूस पाणी बघतो, ऊन बघतो, कागद बघतो. सापगावच्या दामूने यातलं काहीच बघितलं नाही. गॅलरीतून आपल्या भावाचं अंगण नीट दिसतं की नाही, एवढंच त्याने बघितलं आणि घर घेऊन टाकलं.

दामू आणि जयराम सख्खे भाऊ. दामू थोरला. दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता त्याला बरीच वर्षं झाली होती. कारण ऐकाल तर हसाल. वाटणीत खळं जयरामच्या हिश्शाला गेलं, पण झोडणी दोघांनी तिथेच करायची, असं बापाने मरताना सांगून ठेवलं होतं. एका साली दामूचं भात कापून पडलं, आभाळ भरून आलं, आणि खळ्यावर जयरामने आपला पेंढा रचलेला. "उद्या उचलतो," जयराम म्हणाला. पाऊस काही उद्यापर्यंत थांबला नाही. दामूचे भारे शेतातच भिजले, दाण्याला मोड आले. त्यावर जयराम नुसतं चुकलं म्हणाला असता तरी मिटलं असतं. तो म्हणाला, "खळं माजं हाय. मी पेंढा ठेवीन नायतर म्हस बांधीन." त्या दिवसापासून दामूच्या डोक्यात भाऊ नावाचा माणूस उरला नाही, नुसता जयराम उरला.

पुढे रस्ता रुंद झाला आणि त्यात दामूचं राहतं घर गेलं. भरपाई मिळाली. नवं घर घेणं भागच होतं. नेमकी त्याच सुमारास जयरामच्या घराला लागून एक इमारत उभी राहत होती. तिचं नाव 'हिरवाई हाइट्स'. हिरवाई होती ती पायाखाली गाडली आणि वर हाइट्स चढवल्या. तळमजल्यावर दोन खोल्यांचं एक घर शिल्लक होतं, पुढे थोडी मोकळी जागासुद्धा होती.

दामूची बायको हौसा. जन्मभर चिखलात वाकून भाताची आवणी केलेली, त्यामुळे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिने नवऱ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं.

"अवो, खालचं घ्या. जमिनीला पाय लागंल असं. चार कोंबड्या ठेवीन, दारात तुळस लावीन. मला दुसरं काय नको."

"खालच्या घरात साप शिरतात," दामू म्हणाला. साठ पावसाळे शेतात सापांच्या सोबतीने काढलेला माणूस हे बोलला, आणि बोलताना त्याला जराही लाज वाटली नाही.

मुलगा अनिल कल्याणला नोकरीला, तिथेच बिऱ्हाड करून राहिलेला. तो रविवारी आसनगाव स्टेशनला उतरून मुद्दाम आला. "बाबा, आधी ओसी आली का विचारा. इमारत राहायजोगी झाली असा दाखला असतो तो. तो नसला तर लिफ्ट नाय, धड मीटर नाय."

"तुजी ओसी घाल चुलीत," दामू म्हणाला.

बिल्डरचा माणूस त्याला भिंती नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. कडेला उभं राहून दामूने खाली बघितलं. जयरामचं अख्खं अंगण ताटात वाढल्यासारखं समोर होतं. अंघोळीचा दगड, चूल, दोरीवरची लुगडी, बांधलेली म्हैस, आणि ते खळं. आता हा भाडखाऊ आपल्या नजरेखालून सुटत नाही, असं मनात आलं आणि दामूच्या छातीत गार वारं शिरलं. बाजू पश्चिमेची होती, दुपारभर भिंती तापणार होत्या. जिना उभा होता. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता. "दिवाळीला लिफ्ट चालू," बिल्डरचा माणूस म्हणाला. कुठल्या दिवाळीला, ते दामूने विचारलं नाही. "हीच खोली द्या," म्हणाला.

बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून घर हौसाच्या नावावर झालं. घर न बघता तिने सही केली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे गावोगाव असतात, पण दामूने कापलं ते बायकोचं नाक.

राहायला गेले त्या दिवशी हौसा जिना चढली. प्रत्येक वळणावर बसली, घाम पुसला, पुन्हा उठली. वर पोचल्यावर तिने भिंतीला पाठ टेकली. "आता मी उतरायची ती खांद्यावरूनच," ती म्हणाली. दामू तोवर गॅलरीत खुर्ची मांडून बसलासुद्धा होता.

पहिले काही महिने त्याने जे सुख भोगलं ते विचारू नका. भावाशी बोलणं बंद, त्यामुळे तो कावळ्याशी बोलायचा. जयराम दगडावर अंघोळीला बसला की वरून आवाज यायचा, "काय रे कावळ्या, काही मान्सं नुसती पाण्याची नासाडी करतात, मळ तसाच!" जयरामही कमी नव्हता. तो म्हशीला उत्तर द्यायचा, "बघ गो, वर नवा बगळा बसलाय. जमिनीवर जागा नाय राहिली बिचाऱ्याला." शेवटी जयरामने अंघोळीच्या दगडाभोवती जुन्या चादरी बांधल्या. आपण भावाला स्वतःच्याच अंगणात पडद्यात बसवलं, म्हणून दामूला त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

हौसा आत होती. दिवाळी आली आणि गेली, लिफ्टच्या खड्ड्यात पोरांचे चेंडू तेवढे जमले. तिच्याशी बोलायला येणार कोण? शेजारची दोन्ही घरं मुंबईच्या लोकांनी घेऊन कुलूप लावून ठेवलेली. दामू बाजारात गेला की ती गॅलरीत सरकायची आणि खालून जयरामची बायको रंभा हाक मारायची. दोघी जावा. नवरे भांडले म्हणून त्यांनीही बोलणं टाकलं होतं, पण तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या जावेला बघून रंभाला राहवेना. हौसाने साडीच्या काठाची दोरी करून तिला पिशवी बांधली आणि खाली सोडली. पिशवीतून शेवग्याची पानं वर आली, सुकट आली, एकदा गरम घावन आले.

एक दिवस दामू लवकर परतला आणि त्याला ती दोरी दिसली. त्याने विळ्याने ती कापली. पिशवी खाली जयरामच्या अंगणात पडली.

"तेच्या घरचं खातेस?" तो ओरडला. "लाज नाय?"

"लाज?" हौसा म्हणाली. "मला या खुराड्यात डांबलंत तुमी, आन् लाज मी बाळगू?" त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली, नंतर तेवढंही बोलेना. दामूच्या ते फारसं लक्षात आलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष खाली होतं.

उन्हाळा चढला आणि राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पाला, गवत पसरून जाळतात, त्याला इकडे राब म्हणतात. या मुलखात पोर चालायला लागतं तेव्हापासून त्याला ठाऊक असतं की उन्हाळ्यात कुठे धूर होणार आणि वारा तो कुठे नेणार. दामूने स्वतः जन्मभर राब भाजला होता. पण घर बघायला तो गेला श्रावणात, हिरव्यागार दिवसांत, आणि नजर होती अंगणावर. जयरामची राबाची जागा गॅलरीच्या बरोबर खाली होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. जयरामच्या मात्र होतं. त्याने त्या साली पाला जरा जास्तच रचला, आणि पश्चिमेचा वारा सुटल्यावर काडी लावली.

धूर सरळ वर आला. पडदे, भांडी, अंथरुणं, सगळ्यांत घुसला. दामूने वरून बादलीभर पाणी ओतलं, ते वाऱ्याने दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं आणि तिथल्या बाईने त्याला नाही नाही ते ऐकवलं. मग तो तणतणत ग्रामपंचायतीत गेला. राबाच्या धुराची तक्रार लिहून घ्या म्हणाला. तिथले सगळे आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग हसत सुटले. "दामूदादा," एकजण म्हणाला, "कुणब्याचा पोर तू, तुला राबाचा धूर लागतो? उद्या म्हणशील चिखल लागतो." दामू शिव्या घालत बाहेर पडला.

घरी आला तर दार उघडं. हौसा नव्हती. तो गॅलरीत गेला आणि खाली बघितलं. जयरामच्या अंगणात हौसा बसली होती, लुगडं धुळीने माखलेलं. जिना ती बसत बसत, एकेक पायरी घसरत उतरली होती. रंभा तिच्या पायांवर पाणी घालत होती.

"हौसे! वर ये!"

हौसाने मान वर केली. "मी उतरले ती परत चढायला नाय उतरले. ते वरचं विका, जमिनीवरचं घ्या. कुडाचं असलं तरी चालंल. त्या दिवशी येते. सही मीच करायची हाय ना, करते."

"तोवर तेच्याकडं राशील? वैऱ्याच्या दारात?"

"तुमचा वैरी तो. माजी जाव हाय इथं."

जयराम म्हशीजवळ उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने आतून बाज आणली आणि अंगणाच्या मधोमध टाकली, गॅलरीतून स्वच्छ दिसेल अशी. मग म्हशीकडे बघून म्हणाला, "बघायला आवडतं ना काही लोकांना? बघा म्हणावं." प्रेमाने त्याने वहिनीला घरात घेतलं असं कुणी समजू नये. त्याला भावाला मारायला याहून चांगलं हत्यार मिळालं नसतं.

दामू रोज बघत राहिला. हौसा तांदूळ पाखडते, हौसा कोंबड्यांना कणी टाकते, हौसा रंभाच्या कसल्याशा बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसते. ती अशी हसते हे तो विसरून गेला होता. वर त्याला भात टाकता येत नव्हता, कधी करपायचा, कधी कच्चा राहायचा. त्याला ती परत हवी होती. काहीही करून हवी होती. अनिल येऊन म्हणाला, "बाबा, विकून टाका," तेव्हा पहिल्यांदाच त्याने नकार दिला नाही. तळमजल्याचं घर कधीच गेलं होतं, पण गावाच्या टोकाला एक बैठं घर विकायला होतं, पुढे अंगण असलेलं.

गिऱ्हाईक सापडणं कठीण गेलं. लिफ्टचा खड्डा बघून लोक परत जायचे. शेवटी कल्याणची नेहा नावाची तरुण बाई नवऱ्याला घेऊन आली. दोघांना खोल्या आवडल्या, जिन्याचंही काही वाटलं नाही. नेहा गॅलरीत आली आणि जे दामूने कधी कुणाला विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"काका, खाली कोण राहतं?"

"बायको माजी," दामूच्या तोंडून गेलं.

नेहाला ती थट्टा वाटली, ती हसली. "आणि ते काका? शेजारी कसे आहेत? आम्ही दोघं दिवसभर बाहेर असतो, सासूबाई एकट्या असतील घरात. म्हणून विचारते. माणसं चांगली आहेत ना?"

खाली जयराम म्हशीची दोरी हातात धरून वर बघत होता. हौसाचं सूप थांबलं होतं. तीही वर बघत होती. चांगली आहेत, एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं की घर विकलं जाणार होतं, हौसा टोकाच्या बैठ्या घरात येणार होती, दारात तुळस लागणार होती. दामूने तोंड उघडलं. त्याला भिजलेले भारे दिसले, दाण्यांतून निघालेले पांढरे मोड दिसले.

"तो?" दामू गरजला. "महाहलकट माणूस हाय! तेच्या शेजारी वैऱ्यानंपण घर घेऊ नये!"

नेहाचा चेहरा उतरला. "विचार करून कळवतो," तिचा नवरा म्हणाला, आणि दोघं जिन्याने खाली गेली.

हौसाने सगळं ऐकलं होतं. ती कण्हत बाजेवरून उठली. हाताने जोर लावून तिने बाज फिरवली, इमारतीकडे पाठ केली आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.