इथिओपियन हॉटेलात डावा बूट

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून आला, आणि बोलणी मला बसली. मी जो घोळ घातला, तो हुशार माणसाला जमायचा नाही. त्याला माझ्यासारखाच पाहिजे, आणि तोसुद्धा फुल कॉन्फिडन्समध्ये.

मी तसा कमी बोलणारा. कल्याणजवळ मोहन्यात राहतो, स्लायडिंगच्या खिडक्या बसवतो. खिडकीशी बोलावं लागत नाही, म्हणून तर हे काम आवडतं. शाळा नववीत सोडली. मी येत नाही हे वर्गात कोणाच्या लक्षात आलं की नाही, मला आजही माहीत नाही.

अशा माणसाला स्नेहलचं स्थळ सांगून आलं. मुलगी डोंबिवलीची, बी.कॉम. झालेली. ठाण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात परदेशी पेशंटची सोय बघते. फोनवर इंग्रजीत बोलते, तेही न अडखळता. घरच्यांचं बोलणं झालं, पत्रिका जुळली, आणि तिने सांगितलं, एकदा बाहेर भेटू, मग काय ते कळवते. सोबत तिचा मोठा भाऊ नितीनदादा येणार. मला तर ती बघायला गेलो तेव्हाच आवडलेली. नकार आला असता तर पुढची एकही खिडकी माझ्या हातून सरळ बसली नसती.

जागा तिनेच ठरवली. ठाण्यातच, खोपटच्या पुढे एक लहानसं इथिओपियन हॉटेल. त्या देशातून पेशंट येतात, त्यांच्या नातेवाइकांना घरचं जेवण मिळावं म्हणून अल्माझ नावाच्या बाईंनी काढलेलं.

मी वहिनीला विचारलं, इथिओपियन म्हणजे काय खातात? वहिनी पोळ्या लाटत होती. तिने लाटणं माझ्यावर रोखलं.

"तिथे जाऊन हा प्रश्न विचारायचा नाही. हे काय, ते काय, करत बसलास की मुलीला कळतं, गडी कधी घराबाहेर पडलेला नाही. सगळं रोजचंच आहे असं वागायचं. आणि एक ऐक, संदेश. मुली तोंडाने हो म्हणत नाहीत, खुणेने सांगतात. खूण ओळख, आणि त्या वेळेला तरी तोंड उघड."

झालं. एवढ्या शिदोरीवर मी नवे बूट घालून कल्याणहून एसटी पकडली.

हॉटेल छान होतं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, कोपऱ्यात धूप जळतोय. लग्नघरात यावं तसं वाटलं. मी मनात म्हटलं, जागा उगीच नाही निवडली हिने. पहिली खूण!

आम्ही बसतो न बसतो तोच स्नेहलला हॉस्पिटलचा फोन आला आणि ती बाहेर गेली. राहिलो मी आणि नितीनदादा. दादा म्हणजे बोलण्यात माझा बाप. मी एक शब्द बोलायचो, तो अर्धा.

तेवढ्यात अल्माझबाई आल्या. उंच, पांढरी ओढणी घेतलेल्या, हसतमुख. एका हातात चोचीची झारी, दुसऱ्या हातात पसरट भांडं. माझ्यासमोर येऊन किंचित वाकल्या.

आता तुम्हीच सांगा. नवरा मुलगा बसलाय, समोर झारी आणि भांडं आलंय, बाई वाकल्यात. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? लग्नात मुलीकडचे जावयाचे पाय धुतात! मी विचारलं काहीच नाही. विचारायचं नव्हतंच. रोजचंच असल्यासारखा टेबलाखाली डावा बूट काढला. उजव्याची नाडी सोडणार, तेवढ्यात दादाने शांतपणे दोन्ही हात पुढे केले आणि बाईंनी त्याच्या हातांवर पाणी घातलं.

मीही हात पुढे केले. चेहऱ्यावर काहीही दिसू दिलं नाही. पण बूट सापडेना. पायाने चाचपडायला गेलो तर तो आणखी लांब सरकला. शेवटी नाद सोडला. टेबलाखाली कोण बघतंय?

मग बाई लोखंडी तव्यात कॉफीच्या बिया भाजून घेऊन आल्या. मस्त धूर निघत होता. प्रत्येक टेबलापाशी तवा नेत आमच्याकडे आल्या. इथे मी चुकलो नाही. धूर समोर आला की काय करायचं हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी दोन्ही हात धुरावर धरले, डोळ्यांना लावले, डोक्यावरून फिरवले.

दादा माझ्याकडे बघत होता. तोही पहिल्यांदाच आलेला, पण माझा आत्मविश्वास बघून त्याला वाटलं असणार, पोराला माहिती आहे. त्यानेही हात फिरवले. वर खिशातून नाणं काढून त्या बियांत टाकलं.

बाईंनी नाण्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. मग चिमट्याने नाणं उचलून अलगद टेबलावर ठेवलं आणि हसत पुढे गेल्या. वास घ्यायला आणल्या होत्या त्या बिया. दादाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून कधीकधी दिसते.

स्नेहल परत आली आणि जेवण आलं. एक भलंमोठं गोल ताट. त्यात ताटाएवढंच जाळीदार मऊ घावन. आपली आंबोळी असते ना, तसं, पण चवीला चांगलंच आंबट. त्यावर मसुराची डाळ, भाज्या, आणखी कसल्या कसल्या उसळी. वेगळ्या ताटल्या नाहीतच.

एका ताटात! अहो, नवरा-बायको लग्नाच्या दिवशी जेवतात तसं. दुसरी खूण. आता त्याच ताटात नितीनदादाही जेवणार होता, हे खरं. पण खुणा ओळखताना बारीकसारीक गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

आणि मग ते झालं. स्नेहलने घावनाचा तुकडा तोडला, त्यात डाळ घेतली, नीट गुंडाळी केली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"हं, आ करा."

ती पुढे काहीतरी सांगत होती. मला ऐकूच आलं नाही. कानात सनई सुरू झालेली. भर हॉटेलात, सख्ख्या भावासमोर मुलगी घास भरवतेय, यापेक्षा मोठी खूण कुठली? मी घास खाल्ला. आणि घास भरवल्यावर आपल्याकडे काय करतात? नाव घेतात. वहिनीने सांगितलेली वेळ ती हीच. मी उठून उभा राहिलो. जो माणूस शाळेत हजेरीला आवाज काढायचा नाही, तो खणखणीत आवाजात म्हणाला:

"भल्यामोठ्या घावनावर मसुराची डाळ,
स्नेहलचं नाव घेतो, कधी घालू माळ?"

स्नेहलचा हात तसाच हवेत. पलीकडच्या टेबलावरची मंडळी खाता खाता थांबलेली.

मग नितीनदादाने त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. "स्नेहल, पुढचा घास मला ना? मग मीपण नाव घेऊ का?"

तेव्हा मला कळलं. तिने हळू आवाजात सांगितलं, यांच्याकडे एका ताटात जेवणारे सगळेच एकमेकांना घास भरवतात. पाहुण्याला पहिला. भावाला भरवतात, मित्राला भरवतात, कोणालाही. "तेच सांगत होते मी," ती म्हणाली, "पण तुम्ही उठलात."

मी खाली बसायला लागलो, तर अल्माझबाई टाळ्या वाजवत आल्या. त्यांना वाटलं, घास मिळाल्यावर गाऊन आभार मानायची आमच्याकडची रीत आहे. त्यांना ती फार आवडली. त्यांनी स्वतःच्या हाताने एक मोठा घास माझ्या तोंडात कोंबला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. गाण्याची वाट बघत.

"घ्या संदेशराव," दादा म्हणाला. "बाईंचे मिस्टर गल्ल्यावरच बसलेत."

एवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ उठले. त्यांनी माझा डावा बूट दोन्ही हातांनी धरून, मानाने आणून माझ्यासमोर ठेवला. सगळ्यांनी आधी बूट बघितला, मग माझा पाय. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. स्नेहलने ओढणीत तोंड लपवलं. ती हसतेय की रडतेय हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

परत येताना एसटीत मी ठरवून टाकलं की विषय संपला. घरी वहिनीला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "अरे, खुणा ओळख म्हटलं होतं, लग्न लावून घे नव्हतं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाला नितीनदादाचा फोन आला. वहिनीने स्पीकर लावला. मी दाराआड उभा. दादा सवयीप्रमाणे थोडक्यात बोलला.

"स्नेहल हो म्हणतेय. कालपासून हसतेय नुसती. म्हणते, एवढं मनापासून कोणी विचारलं नव्हतं."

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पुढे म्हणाला, "आणि मुलाला निरोप द्या. पाय आम्ही लग्नात धुणारच आहोत. तोवर बूट पायातच असू दे."