आग्नेलच्या कपड्यांची गोधडी

माझी सासू पद्मावती ही कोरगावातली गोधड्या शिवणारी बाई. तिचा स्वभाव मऊ होता असं कुणी सांगत असेल तर ते साफ खोटं. लग्न होऊन मी सावंतवाडीकडून आले, त्या पहिल्याच आठवड्यात तिनं माझा धावदोरा उसवून टाकला आणि म्हणाली, "ह्येका टाको म्हणतत? उंदीर चाललो तसो दिसता." मी त्या दिवशी जेवले नाही. तिनं विचारलंही नाही.

तिचे नियम होते. गोधडी एका कोपऱ्यापासून धरायची आणि कडेकडेनं फिरत आत यायचं. मध्ये उठायचं नाही, उठलंच तर सुई टोचून ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मेलेल्या माणसाचं कापड गोधडीत घालायचं नाही. माणूस गेलं की त्याची कापडं आमच्याकडे पाण्याला देतात. पद्मावती ती केरीला घेऊन जायची, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथं. दुसऱ्यांच्या घरातलीसुद्धा न्यायची, कारण रडणाऱ्या घरातून ते काम कुणाकडून होत नाही.

गोवा मुक्त होऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. माझा नवरा शिवदास तुयेच्या कारखान्यात नुकताच लागला होता. पाऊस सरला होता, अंगणात काजूच्या पानांचा ढीग पडला होता, आणि हरमलहून पिएदाद बाय आली. तिच्या काखेत एक गाठोडं आणि हातात कुठल्याशा परदेशी मासिकाचं पान. पानावर जुन्या पद्धतीच्या नाताळी गोधडीचं चित्र होतं. बारा चौकोन आणि प्रत्येकात वेगळी आकृती. नखेत्र म्हणजे चांदणी, घंटा, मेणबत्ती, कबुतर, गोठा, झाड.

"पद्माबाय, अशी कोल्चा जाय," ती म्हणाली. तिला अशी गोधडी हवी होती. "नातवाच्या पयल्या नाताळाक."

तिचा मुलगा आग्नेल बोटीवर कामाला होता. भर समुद्रात तापानं वारला आणि बोटीवरच्या लोकांनी त्याला तिथंच पाण्यात सोडला. घरी आली ती त्याची पेटी. नातू जन्मला तो बाप गेल्यावर. हे सगळं तिनं आमच्या ओसरीवर बसून डोळ्यात पाणी न आणता सांगितलं, आणि मग गाठोडं सोडलं. आग्नेलचे सदरे, विजारी, एक निळा डगला.

"ह्याच कापडांची कर. भुरगो बापायच्या कुशीत न्हिदल्यावरी न्हिदतलो." मूल बापाच्या कुशीत झोपल्यासारखं झोपेल, असं तिचं म्हणणं.

पद्मावतीनं हात मागं घेतला. "मेल्याचां कापड बाळाच्या आंगावर? नाय गो बाय."

"मेलो तो कोणे पळयला?" पिएदाद बाय म्हणाली. "म्हाका मडें ना, फोंड ना. मेणबत्ती लावूंक सुवात ना. इतलेंच आसा म्हजेकडे." ना प्रेत, ना थडगं, ना मेणबत्ती लावायला जागा; तिच्याकडे होतं ते एवढं गाठोडंच.

पद्मावतीनं त्या निळ्या डगल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ठेव." मला बरं वाटलं. चला, म्हटलं, म्हातारीला काळीज आहे तर!

शिवण सुरू झालं. पद्मावतीला आयुष्यभर सरळ टाके ठाऊक, आणि आता चौकोनात आकृत्या बसवायच्या. नखेत्र जमलं. घंटा मात्र आमच्या देवळातल्या घंटेसारखी झाली, वर साखळी आणि सगळं. मी हसले तर म्हणाली, "घंटा ती घंटा. देवाक काय आयकाक येना नाय?" चित्रातलं झाड आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिनं केरीच्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड काढलं. गोठा मात्र फक्कड उतरला. गायीची मान तिनं आमच्याच कपिलीला बघून बेतली होती.

गोठ्याचा चौकोन हातात घेतला तेव्हाच मला ते दिसलं. गायीच्या पोटाला वापरलेलं चौकड्याचं कापड माझ्या ओळखीचं होतं. शिवदासचा सदरा! दोनदा घातलेला, कारखान्यात जायला म्हणून घेतलेला. मेणबत्तीची ज्योत बघितली तर ती सासूच्या स्वतःच्या लुगड्याची. कबुतर सासऱ्यांच्या धोतराचं, आणि सासरे ओसरीवर पान लावत बसलेले, चांगले धडधाकट. बाराही चौकोनांत आग्नेलचा एक धागा नव्हता.

"आई, ते गाठोडं कुठं आहे?"

"जातां थंय गेलां."

"म्हणजे?"

"केरीक."

माझं डोकं फिरलं. सून असून मी त्या दिवशी तिला काय काय बोलले, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. मेल्याचं कापड घालायचं नव्हतं तर परत द्यायचं होतं गाठोडं! ती सुई थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "परत दिला असता तर तिना दुसऱ्याकडसून शिवून घेतला असता. माझी गंगा कशी गेली ठाऊक आसा तुका?"

मला ठाऊक नव्हतं. शिवदासच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, एवढंच ऐकलेलं. तिला गुंडाळायला पद्मावतीनं गोधडी शिवली होती, आणि कापड कमी पडलं म्हणून नुकत्याच गेलेल्या आतेसासूचं लुगडं आत घातलं होतं. मूल तापानं गेलं. ताप सगळ्या गावात होता, पण हे तिला कोण सांगणार? "माझ्या हातान झाला ता," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या बाळाक करूचंय नाय." आणि पुन्हा सुई चालू केली. मी भांडण गिळून आत गेले.

नाताळ जवळ आला तशी पिएदाद बाय गोधडी न्यायला आली. अंगणात गोधडी पसरली तेव्हा तिनं तोंडावर हात घेतला, इतकी ती सुरेख झाली होती. घंटेवर हात फिरवला, हसली. मग खाली वाकली आणि गोधडीला नाक लावलं. एका चौकोनाला, मग दुसऱ्याला. मग घाईघाईनं हात फिरवायला लागली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आग्नेलच्या डगल्याचं कोपर तिनं स्वतः हिरव्या दोऱ्यानं रफू केलं होतं. ते ती शोधत होती.

"हें आग्नेलाचें न्हय," ती म्हणाली.

पद्मावती खोटं बोलली नाही. पाण्याला दिली म्हणून सरळ सांगितलं. पिएदाद बाय ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गोधडीशेजारी मातीत बसली आणि हळूच म्हणाली, "तुवें म्हज्या पुताक परत बुडयलो गो."

गोधडी तिथंच टाकून ती गेली.

त्यानंतर पद्मावतीनं सुई हातात धरली नाही. जेवायला बसायची, कालवायची आणि उठायची. मला तिचा राग होता आणि तिचं ते तोंडही बघवत नव्हतं. शेवटी मी गोधडीची घडी घातली, बस धरली आणि हरमलला पिएदाद बायच्या दारात जाऊन उभी राहिले.

"माझ्या सासूनं वाईट केलं," मी म्हटलं. "पण ही माझ्या नवऱ्याच्या अंगावरची कापडं आहेत. जित्या पोराची कापडं फाडून तिनं तुमच्या नातवाला दिली. ठेवा नाहीतर जाळा. मी परत नेणार नाही." आणि मग गंगेचंही सांगितलं. ते सांगताना मलाच रडू फुटलं.

पाळण्यातलं मूल खोकलं, तशी पिएदाद बायनं त्याला उचलून गोधडीत घेतलं. मग विचारलं, "खंय सोडलीं तिणें? म्हाका ती सुवात दाखय म्हण."

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघी केरीला गेलो. मूल गोधडीत गुंडाळलेलं, पिएदाद बायच्या खांद्यावर. वाटेत दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. सुरूच्या झाडांपलीकडे, नदी समुद्राला मिळते तिथं एका खडकाशी पद्मावती थांबली.

"हंय."

"कशीं सोडलीं? उडयलीं?" भिरकावून दिलीस का, असं पिएदाद बायला विचारायचं होतं.

"उडवतलंय कशी?" पद्मावतीचा आवाज चिरकला. "माणसाची कापडां ती. एकेक घडी केलंय. विजारी खाली, सदरे वर, डगलो सगळ्यात वर, म्हणजे आधी हाताक लागतलो. थंडी वाजत असतली ना पाण्यात. मगे हाक मारलंय. आग्नेल, पुता, आवशीन कापडां धाडल्यान, घे."

पिएदाद बाय खाली बसली आणि रडली. आमच्या ओसरीवर रडली नव्हती, अंगणात रडली नव्हती, ते सगळं तिथं रडली. मूल मी घेतलं. पद्मावती तिच्याजवळ गेली नाही, दूरही गेली नाही.

मग पिएदाद बायनं पिशवीतून मेणबत्ती काढली. वारा होता. दोन काड्या विझल्या, तेव्हा पद्मावतीनं पुढं होऊन पदराचा आडोसा धरला आणि मेणबत्ती लागली.

"आतां सुवात मेळ्ळी," पिएदाद बाय म्हणाली. "पूण तुका हांवें माफ करूंक ना, पद्माबाय. हें कळूं दी."

"नको करू," पद्मावती म्हणाली.

त्यानंतर दर वर्षी ख्रिस्ती लोकांच्या मेलेल्यांच्या दिवशी, नोव्हेंबरात, पिएदाद बाय केरीला यायची आणि पद्मावती इथून जायची. एक मेणबत्ती लावायची, दुसरी पदर धरायची. माफीचं बोलणं पुन्हा निघालं नाही. नातू त्या गोधडीत मोठा झाला, पाय बाहेर यायला लागले तरी सोडीना.

पद्मावती गेली त्या वर्षी तिची कापडं पाण्याला द्यायचं माझ्यावर आलं. रडणाऱ्या घरातून ते होत नाही हे तेव्हा कळलं. खडकाशी उभी राहिले, पण गाठोडं हातातून सुटेना. मागून पिएदाद बाय आली. वाकली होती, नातवाचा हात धरून चालत होती. तिनं गाठोडं माझ्याकडून घेतलं, खडकावर बसून एकेक लुगडं उलगडलं आणि नीट घडी केली. जाडं लुगडं वर ठेवलं. मग पाण्यात उतरली आणि हाक मारली.

"आग्नेल, पुता, हीं पद्माबायचीं. तिका दी."