पंगतीतून उठलेला पेत्र

पंचावन्न साली, कापणीच्या सणानंतरच्या दुसऱ्या रविवारी, उपासना संपल्यावर, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या घाटकोपरच्या एका पगारी बायबलबाईंना चर्चच्या पायरीवर थांबवून कामावरून काढलं. आत बोलावून खुर्ची द्यायचीही तसदी कोणी घेतली नाही. त्यांचा अपराध काय, तर पेत्र आणि पौल यांचं एकदा जेवणावरून भांडण झालं होतं, असं त्या चारचौघांत बोलल्या.

मी ख्रिस्ती नाही. देवळाची पायरीही चढत नाही. विक्रोळीच्या कारखान्यात काम करतो आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढतो. नळासाठी, संडासासाठी, हल्ली संयुक्त महाराष्ट्रासाठी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दोन प्रेषितांशी तुझं काय देणंघेणं, असं कोणी विचारील. विचारा. उत्तर खाली आहे.

बाईंना तुम्हीही पाहिलं असेल. पांढरं लुगडं, मोडक्या काडीची छत्री, टाच झिजलेली चप्पल. स्टेशनापासून टेकडीपर्यंतच्या चाळी त्या पायी फिरत. दुपारी बायका जरा मोकळ्या झाल्या की दारात येऊन टेकत आणि म्हणत, "आधी पाणी दे गं, मग वाचते." कोणी पेल्यात पाणी देई, कोणी वरून ओंजळीत ओती. बाई ओंजळीतलंही पीत, तोंड पुसत आणि वाचायला लागत. मी एकदा म्हटलं, "असं वरून ओततात तरी त्यांच्याकडे जाता?" तर म्हणाल्या, "जाते ना. तिथे फक्त थोडक्यात वाचते."

मला त्या नावाने हाक मारत नसत. "काय रे पत्रकवाल्या, आज कोणाला शिव्या दिल्यास?"

"म्युनिसिपालटीला."

"वाचलं का तिने?"

"नाही."

"माझंही तसंच चाललंय बघ," असं म्हणून माझ्या ओट्यावर बसत आणि पोटऱ्या दाबत राहत. त्यांचे पाय संध्याकाळी सुजलेले असत.

एकदा मी त्यांना डिवचायचं म्हणून विचारलं, "बाई, आमच्या युनियनमधले दोघे एका मुद्द्यावर एक बोलत नाहीत. तुमचे प्रेषित सगळे एकच सांगत होते, हे कसं मानायचं?"

बाई रागावल्या नाहीत. "पेत्र मासे धरणारा. पौल शिकलेला, तोंडाने फटकळ, तुझ्यासारखा. याकोब नेमधर्माचा. तीन सुनांना एकच आमटी करायला सांग, मग चव बघ."

"मग खरी आमटी कोणाची?"

"आमटी एकच रे. ती सगळ्यांना वाढली का, तेवढं बघायचं."

टेकडीच्या पायथ्याशी म्युनिसिपालटीच्या झाडूवाल्यांची रांग आहे. त्यांच्यातल्या चार घरांनी बाईंच्या वाचनाने बाप्तिस्मा घेतला. त्यांत रखमा होती. बाप्तिस्म्यात तिचं नाव रूथ ठेवलं होतं, पण तिला हाक रखमाच मारत. चर्चच्या मंडळीचे थोरले पंच म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. त्याआधीच्या नाताळात हे मास्तर स्वतः त्या रांगेत गेले आणि रखमाच्या हातची करंजी खाऊन आले. हे मी मुद्दाम लिहितो. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

कापणीच्या सणाला ही मंडळी भोपळे, नारळ, कोंबड्या देवाला वाहतात, त्यांचा लिलाव करतात आणि मग चर्चच्या आवारात सगळे एकत्र जेवतात. त्या जेवणाला प्रीतिभोजन म्हणतात. बाईंनी मला बोलावलं होतं. "वरणभात आहे, मटण आहे. देव नको असेल तर नुसता जेव."

पहिली पंगत बसली. रखमा, तिचा नवरा, दोन पोरं, शेजारी मास्तर, मग मी. बाई भात वाढत होत्या. मास्तर रखमाच्या धाकट्याला विचारत होते, पाढे कुठवर आले. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. मास्तरांच्या मुलीला पाहायला नगरकडचे पाहुणे यायचे होते, ते संध्याकाळऐवजी दुपारीच आले. जुने ख्रिस्ती, खानदानी. पाहुण्यांनी पंगतीवरून नजर फिरवली, रखमावर थांबवली आणि एकमेकांकडे पाहिलं.

मास्तर उठले. "जरा पाहुण्यांचं बघतो," म्हणाले. पानातला भात तसाच. मग त्यांचा भाऊ उठला. मग खजिनदार. मग एकेक करत ती ओळ उठली. आम्ही पाच जण उरलो.

रखमा खाली मान घालून धाकट्याला म्हणाली, "जेव रे, भात गार होतोय."

बाई भाताचं पातेलं कमरेवर धरून उभ्या होत्या. आवाज चढवला नाही. वाचून दाखवत तशा म्हणाल्या, "मास्तर, अंत्युखिया शहरात पेत्र असाच उठला होता. यहुदी नसलेल्या परक्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडचे पाहुणे आले आणि हा उठला. मग बाकीचेही उठले. पौलाने त्याला तोंडावर सांगितलं, तू चुकलास."

मास्तरांचे कान लाल झाले. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "ह्या कोण?"

पुढचा आठवडाभर भांडण पंगतीवरून झालंच नाही. शहाणी माणसं असंच करतात. भांडण झालं ते प्रेषितांवरून. सगळ्या प्रेषितांची सुवार्ता, म्हणजे येशूचा निरोप, एकच होती, त्यांच्यात फूट होती असं बोलणं म्हणजे बाहेरच्यांच्या हाती कोलीत देणं, असं पंचांनी ठरवलं. बाईंनी पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर दोन वाक्यं म्हणावीत, असा ठराव झाला. एक, प्रेषितांची सुवार्ता एकच होती. दोन, त्यांच्यात कधी मतभेद झाला नाही.

बाई उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य म्हणाल्या, अगदी मनापासून. दुसऱ्याला थांबल्या.

"हे नाही म्हणायची. पौल त्या दिवशी गप्प बसला असता ना मास्तर, तर सुवार्ता दोन झाल्या असत्या. एक ह्यांची, एक त्यांची. भांडला म्हणून एक राहिली."

त्यानंतरच्या रविवारी पायरीवरचा तो प्रकार झाला.

मी पेटलो होतो. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी आला होता. मी पत्रक लिहून बाईंकडे गेलो. मथळा होता, 'देवाच्या घरात विटाळ'. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"मास्तरांचं नाव काढ."

"का? उठले ना ते?"

"उठले. पेत्रही उठला होता, म्हणून त्याला कोणी टाकला नाही. आणि तुझा कायदा काय करणार? पोलीस आणून शेजारी जेवायला बसवणार?"

"मग काय करायचं?"

"मला ठाऊक नाही रे," बाई म्हणाल्या. "पाय दुखतात माझे." त्यांना इतकं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पत्रक मी छापलं नाही.

पगार थांबल्यावरही त्या काही महिने चाळी फिरल्या. मग मिशनची खोली सोडावी लागली आणि त्या संगमनेरकडे भाच्याकडे गेल्या. गेल्या उन्हाळ्यात तिथेच वारल्या. भाचा काही कामाने मुंबईला आला होता, तो सांगून गेला. रखमाच्या रांगेतून आता कोणी चर्चला जात नाही. सणाच्या दिवशी मंडळी त्यांच्याकडे जेवण पाठवते, झाकलेल्या पातेल्यांतून, घरपोच. मटण चांगलं असतं म्हणे. मास्तर जातीने पाठवतात आणि पातेली परत आली का, हेही विचारत नाहीत.

हिंदू वाचकांनो, हसू नका. तुमच्या चाळीच्या सार्वजनिक पूजेला झाडूवाला कुठे जेवतो, ते आधी सांगा. आमच्या चाळीत तो जिन्याखाली जेवतो. मी दोनदा भांडलो, दोनदा हरलो, तिसऱ्यांदा भांडायचा आता कंटाळा येतो. तरी भांडणार आहे.

आणि तुम्ही त्या मंडळीचे सभासद असाल, तर कापणीचा सण जवळ आला आहे. घरपोच पातेली बंद करा. रखमाला आवारात बोलवा, तिच्या शेजारी बसा, आणि फाटकाशी कोणीही येऊन उभं राहिलं तरी पान संपेपर्यंत उठू नका.