चंद्रीचा नटबोल्टचा गोठा

आमच्या गोठ्यात चप्पल बाहेर काढून जावं लागतं. गाईला हा नियम लागू नाही, कारण गाय तिथं अजून गेलेलीच नाही!

आमच्या घराण्यातले आधीचे गोठे साधे होते. आजोबांचा गोठा म्हणजे बाभळीचे खांब आणि वर उसाचं पाचट. खर्च काय, तर मदतीला आलेल्यांचं जेवण. पुढं वडिलांनी, म्हणजे आबांनी, पत्रे टाकले. एका वादळात ते उडाले आणि शेजारच्या डाळिंबाच्या बागेत जाऊन बसले. आबा ते आणायला गेले, चहा पिऊन परत आले. (पत्रे अजून तिथंच आहेत. खाली शेजाऱ्याच्या कोंबड्या राहतात.) तेव्हापासून आमची चंद्री कडुलिंबाखाली.

चंद्री माझ्या बायकोची, मंगलची. घोडेगावच्या बाजारातून तिनं स्वतः दात बघून आणलेली. मागच्या खेपेला ती भर पावसात व्याली आणि वासरू काकडून मरता मरता वाचलं. मंगल तेव्हा ढसाढसा रडली होती. यंदा चंद्री पुन्हा गाभण राहिली, तसं मंगलनं मला बजावलं, "माझा दुधाचा सगळा पगार घ्या, पन ह्या टायमाला ती छपराखालीच व्याली पायजे!"

मी मोबाईलवर शोधलं, तर चक्क तयार गोठा मिळतो! लोखंडी खांब, निळे पत्रे, नटबोल्ट, सगळं टेम्पोतून येतं. जोडलं की गोठा. विकणारा म्हणाला, "साहेब, चार दिवसांत उभा!" मला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं, त्यामुळं भाव करायचाच राहिला. मग कळलं, त्या किमतीत टेम्पोचं भाडं नाही, जोडणी नाही आणि खालचा कोबा तर नाहीच नाही. सगळा आकडा ऐकून आबा म्हणाले, "येवढ्यात तुझं लगीन दोनदा झालं असतं."

"एकदा झालं त्येच लई झालं," मंगल म्हणाली.

पण गोठा दिसायला असा देखणा! निळे पत्रे, गुळगुळीत कोबा, मधोमध पंखा. (पंखा ही माझी अक्कल.) मंगल चंद्रीचं दावं सोडायला निघाली, तोच आबा आडवे आले. "नवी वास्तू हाय. आधी सत्यनारायन, मग जनावरं."

"आबा, गोठा हाय त्यो!"

"असंना. वास्तू ती वास्तू."

पूजा झाली. गाव आलं, चपला काढून पंख्याखाली बसलं, प्रसाद खाल्ला आणि उठेचना! "दत्ता, गोठा न्हाई रं ह्यो, मंगल कार्यालय हाय!" माझी छाती फुगली. दुसऱ्या दिवशी आबांचा पत्त्यांचा अड्डा तिथं हलला. मग भजनी मंडळ आलं, पेटी-तबल्यासकट. मंगल रोज विचारायची, "चंद्रीला कधी न्यायचं?" मी रोज म्हणायचो, "उद्या." तिकडं कास भरत चालली होती (चंद्रीची!) आणि इकडं आवाज चढत चालला होता (मंगलचा!).

अशात माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन आला. "दत्ता, पोरीचा साखरपुडा ठरला रं. कार्यालयवाले लई मागत्यात. तुझा त्यो हॉल..."

"घे की!" मी म्हणालो. हॉल म्हटल्यावर माझ्या तोंडून नाही निघेना.

मंगलनं हातातली चाऱ्याची पाटी दाणकन आपटली. ती पाटी आपटते तेव्हा माणसानं घाबरावं. मी मंडपाच्या झालरी आणायला गेलो.

साखरपुड्याला झाडून सगळे पाहुणे आले. पोरीच्या बोटात अंगठी जाते न जाते तोच अवकाळी कोसळला. वर गारा! पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की गुरुजींचे नुसते ओठ हलताना दिसत होते. पण आत सगळे कोरडे ठणठणीत. "काय गोठा बांधलाय!" असं पाहुणे ओरडून ओरडून सांगत होते आणि मी पंख्याखाली उभा राहून ऐकत होतो. आणि एकदम आठवलं. चंद्री!

धावत कडुलिंबाखाली गेलो, तर तिथं गाय नाही, दावं नाही. विहिरीकडं पळालो, उकिरड्याकडं पळालो. "चंद्रेऽऽ! चंद्रेऽऽ!"

"चंद्री कोन?" नवऱ्या मुलाच्या आईनं आक्काला विचारलं. "ह्येंची मंडळी का?"

शेवटी चिंब होऊन घरात शिरलो. बघतो तर बैठकीच्या खोलीत, माझ्या नव्या सोफ्याला टेकून, चंद्री! पुढ्यात नुकतंच जन्मलेलं वासरू, आणि मंगल त्याला खसाखसा पुसतेय, ती पाहुण्यांच्या आहेराच्या टॉवेलांनी!

"अगं, घरात?" मी किंचाळलो.

"मग कुटं? गोठ्यात पाव्हने हायेत."

वळून बघतो तर दारात आक्काच्या विहीणबाई! सोयरीक मोडली तर आक्का मला जित्ता सोडणार नव्हती. बाईंनी सोफा पाहिला, टॉवेल पाहिले, आणि पदर खोचून सरळ खाली बसल्या. "कालवड हाय का?"

"व्हय!" मंगल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"ग्वाड झालं! गाईला सोप्यापाशी जागा देनारी मानसं हायेत. ह्येंच्यातली पोरगी आमी हसत नेनार. खरवस तेवढा धाडा."

मी सुटकेचा श्वास टाकला, पण तो घाईचा ठरला. पाहुणे पांगल्यावर मंगलनं निकाल दिला, "हवेत गारवा हाय. बाळंतीन हितनं हलनार न्हाई. तुमी बघा तुमची सोय." मी वळकटी उचलली आणि गोठ्यात गेलो. खरं सांगतो, पंखा छान लागतो.

दोन-तीन दिवसांनी जनावरांचे डॉक्टर कानाला बिल्ले मारायला आले. मी कोब्यावर आडवा पडलो होतो. त्यांनी अंगणातूनच हाक दिली, "वहिनी, गोठ्यात किती जनावरं?"

"सध्या एकच हाय," मंगल घरातून म्हणाली, "पन बिल्ला वाया घालवू नका. दूध देत न्हाई."